पाठ केलेले चित्र आणि आठवलेले चित्र

मावळ तालुक्यातील सुदुंबरे या गावाची ख्याती संत संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे आहे. तुकोबारायांचे टाळकरी असलेल्या संताजींनी तुकोबांचे अभंग स्वहस्ते उतरून ठेवले आणि त्यांच्या वह्यांमुळेच ती वाणी पुढील पिढ्यांस लाभली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच, जे मनात साठले आहे ते विरून जाण्यापूर्वी कागदावर आणावे, हे या गावातील मुलांना निराळे पटवून देण्याची गरज पडू नये.

आपल्या शाळांना ‘स्मरणचित्र’ हा विषय परिचयाचा आहे. कला संचालनालयामार्फत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत बाजार, सण, पावसाळा असा एखादा प्रसंग द्यावा आणि समोर नमुना नसताना विद्यार्थ्याने तो रंगवावा, अशी ही योजना आहे. तिचा हेतू उत्तमच आहे. परंतु परीक्षेच्या धास्तीने पुष्कळदा असे घडते की, एका बाजूस झाड, मध्ये फुगेवाला, पाठीमागे देवळाचे शिखर अशी एखादी सिद्ध रचना मुलांकडून घोटून घेतली जाते आणि विषय कोणताही निघो, तीच बिनदिक्कत उतरविली जाते. अशा चित्रात हात मुलाचा असतो, स्मरण मात्र त्याचे नसते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे लकॉक द ब्वाबोद्रां या कलाशिक्षकाने वस्तू नीट न्याहाळून ती नजरेआड केल्यावर रेखाटण्याची पद्धतशीर तालीम सुरू केली. ऑग्युस्त रोदँ हा थोर शिल्पकार त्याचाच शिष्य. ती तालीम डोळ्यांच्या स्मरणाची होती. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी भर दिला तो मुलाने स्वतः भोगलेल्या अनुभवावर, आणि तो प्रश्नांच्या योगे जागा करण्यावर. आपल्याकडे सेवाग्रामच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेत शांतिनिकेतनातून आलेले देवीप्रसाद यांनी कला ही शिक्षणाची शोभा नसून पाया आहे, या निष्ठेने अनेक वर्षे मुलांना शिकविले.

आता मावळातील एखाद्या मुलीस भाताच्या आवणीचे चित्र काढावयाचे आहे, असे समजू. ‘आवणी काढ’ एवढाच हुकूम दिला, तर ती चार वाकलेल्या बायका आणि वर तिरक्या रेघांचा पाऊस काढून मोकळी होईल. त्याऐवजी शिक्षकाने तिला आधी बोलते करावे. तू बांधावर होतीस की चिखलात? शेजारी कोण होते? रोपांची जुडी कोणत्या हातात होती? पाय कुठवर रुतले होते? आजीने डोक्यावर इरले घेतले होते की प्लॅस्टिकचा कागद? या प्रश्नांनी आठवणीचा तपशील हळूहळू वर येतो, आणि तो तिने दोन-चार ओळींत टिपून ठेवावा. मग वहीच्या एकाच पानावर लहान लहान चौकटी आखून तिने तोच प्रसंग निरनिराळ्या जागांवरून कच्चा रेखाटून पाहावा: एकदा बांधावरून, एकदा अगदी जवळून, जेथे केवळ आजीचे हात, रोपे आणि पाणीच दिसते.

यातील एक चौकट निवडणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे असे मला वाटते, कारण निवडताना मुलीस ठरवावे लागते की, त्या दिवसातील कोणती गोष्ट तिला सर्वांत अधिक भिडली, आणि त्या गोष्टीसाठी डोंगर, ढग, बैल यांपैकी काय गाळावे लागेल. मोठा कागद घ्यावा तो यानंतरच. आराखड्यामुळे उत्स्फूर्तता मरते, असा आक्षेप घेतला जातो. सहा-सात वर्षांच्या बालकाबाबत तो खरा आहे आणि त्यास चौकटींत मुळीच गुंतवू नये. पण पाचवी-सहावीच्या मुलांना आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही याची खंत वाटू लागते, आणि त्या वयात आधार मिळाला नाही तर पुष्कळजण पेन्सिल कायमची खाली ठेवतात.

शिक्षकाने मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. आजीचे हात तिच्या डोक्याहून मोठे निघाले, तर ते खोडरबराने लहान करावयास सांगू नये. ज्याचे महत्त्व मुलास अधिक वाटते ते त्याच्या चित्रात मोठे होते, हे निरीक्षण लोवेनफेल्ड यांनीही नोंदविले आहे. हात मोठे का, एवढेच विचारावे. उत्तरात बहुधा पुढच्या चित्राचा विषय सापडतो.