डोके दुखते ते फक्त उन्हाने नव्हे

चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागते, तसे शरीरातले इस्ट्रोजेन कधी चढते, कधी एकदम घसरते आणि ही घसरण अर्धशिशीला निमित्त ठरते. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या बाईचे डोके ठणकले, की दोष उन्हालाच जातो. ऊन, उपाशी पोट, कमी पाणी यांनी दुखणे भडकते, हे खरेच. पण तेच दुखणे श्रावणातही पाळीच्या आसपास परतत असेल, तर उन्हाचे कारण अपुरे पडते. बायका असले दुखणे सांगतच नाहीत, मग कळणार कसे, हा आक्षेप मला पटत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली तपासणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली; तीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. विचारले, तेव्हा कळले. म्हणून कॅलेंडरवर पाळी आणि डोकेदुखी, दोन्हींची खूण करून ती डॉक्टरांना दाखवावी. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेतल्या, तर त्यांनीच डोके दुखू लागते. एकाएकी असह्य दुखले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.