घाटात गाडी ओढेनाशी होते तेव्हा

तेलगावकडून धारूरचा घाट चढताना टर्बो डिझेल गाडीचा कस लागतो. खामगाव-पंढरपूर महामार्गाचा हा टप्पा अरुंद, वळणावळणाचा, मागेपुढे अवजड ट्रक. नेमकी इथंच पिवळी चेक लाइट लागते आणि गाडी पिकअप घेईनाशी होते. टर्बोच्या दाबाचा सेन्सर सांगतो त्यावर इंजिनच्या संगणकाचा, म्हणजे ईसीएमचा, भरवसा उरला नाही की तो हात आखडून डिझेल देतो. इंजिन वाचतं, पण भर घाटात गाडी रखडणं जिवावर बेतू शकतं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की बऱ्याचदा पी ०२३७ किंवा पी ०२३८ हा कोड येतो आणि लगेच सल्ला मिळतो, सेन्सर बदला. पैसे वाया जातात ते इथंच. हे कोड सेन्सर खराब झाल्याचं सांगतच नाहीत. पहिल्याचा अर्थ सिग्नल फार खाली, दुसऱ्याचा फार वर, एवढाच. दोष सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये असेल, वायरीत असेल. पी ०२९९ची गोष्ट वेगळी. तिथं दाबच खरोखर कमी पडतो, म्हणून आधी टर्बोचा होज आणि क्लिपा पाहाव्यात.

पहिली तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब वाचा. तो बाहेरच्या हवेइतकाच हवा: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, धारूरचा घाट ज्या बालाघाट डोंगररांगेवर चढतो तिच्या माथ्यावर नव्वदीच्या थोडा वर. भलताच आकडा दिसला तर मीटर काढायचा. साध्या दाब-सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून पुरवठ्याच्या पिनवर ५ व्होल्ट मिळाले नाहीत, तर नवा सेन्सर बसवूनही काही होणार नाही. हाच पुरवठा अनेकदा दुसऱ्या सेन्सरांनाही जातो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच खोटं बोलू लागतात. एकेक कपलर काढत जा, ज्याच्यापाशी ५ व्होल्ट परत येतात तो चोर. अर्थ तुटली असेल तर सिग्नल बहुधा ५ व्होल्टकडे चढतो.

कपलरच्या आत नीट पाहा. पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी शिरलंय. वायरिंग ब्रॅकेटला घासतंय का, उंदरानं कुरतडलंय का, तेही बघा. कधी वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते; म्हणून इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवायचं आणि आकडा उडी मारतो का ते पाहायचं. सापडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. डाग देऊन वर हीट-श्रिंक नळी चढवा. आणि ईसीएमच्या वायरीला टेस्ट लॅम्प कधीच लावू देऊ नका, त्याच्या करंटनं ईसीएमच जळू शकतो.

कोड पुसल्यावर गाडी घाटात चढवून पाहा, सपाट रस्त्यावरच्या चकरेवर विसंबू नका. आणि सेन्सरचे पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: कपलरवर किती व्होल्ट आले?