त्से-त्से माशीविना पसरणारा ट्रिपॅनोसोमा

आफ्रिकेतील निद्रारोगाचे नाव आपण शालेय पुस्तकात वाचलेले असते. ट्रिपॅनोसोमा नावाचा एकपेशीय परजीवी हा रोग घडवितो आणि त्से-त्से माशी त्याचा प्रसार करते. ही माशी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळते. भारतात ती नाही. त्यामुळे हा विषय दूरदेशीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच कुळातील एक परजीवी आपल्या गोठ्यांपर्यंत पोहोचलेला आहे, आणि २००४ साली वैनगंगेपलीकडील आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तो एका शेतकऱ्याच्या रक्तात आढळला.

या परजीवीचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. त्यामुळे जनावरांना होणाऱ्या रोगास ‘सर्रा’ म्हणतात. १८८० साली तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने आजारी घोडे व उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. रोगकारक असा हा पहिलाच ज्ञात ट्रिपॅनोसोमा होय. त्से-त्से माशी व जनावरांचा नागाना रोग यांचा संबंध डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेत उलगडला, तो त्यानंतर.

दोन्ही रोगांच्या प्रसारात मूलभूत फरक आहे. त्से-त्से माशीच्या शरीरात परजीवी वाढतो, रूप बदलतो आणि मगच पुढे जातो. सर्राचा परजीवी ही क्षमता गमावून बसला आहे. मात्र त्यामुळेच तो एका माशीवर अवलंबून राहिलेला नाही. आपल्याकडील गोमाशी चावली की वेदना होते, जनावर शेपटी झाडते, कातडी थरथरविते. अर्धवट उठलेली माशी शेजारच्या जनावरावर बसते आणि तिच्या सोंडेवरील ताजे रक्त तेथे पोहोचते. पावसाळ्यात व त्यानंतर गोमाश्या वाढतात, तेव्हा हा धोकाही वाढतो. थांबून थांबून येणारा ताप, रक्तक्षय, खंगणे, पायांवर सूज, दूध घटणे ही जनावरांतील लक्षणे होत.

मानवी रक्त या परजीवीस सहसा ठार करते. मग या शेतकऱ्यास लागण कशी झाली? सुमारे पाच महिने त्याला ताप येत-जात होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी हे प्रकरण अभ्यासले. जागतिक आरोग्य संघटनेने सुरामिन हे औषध पुरविले आणि रुग्ण बरा झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण उघड केले. ट्रिपॅनोसोमाचा नाश करणारे एपोल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, कारण त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. प्रयोगशाळेत ते प्रथिन त्याच्या रक्तद्रवात मिसळताच परजीवी मरू लागले. त्याच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी झाली. ४१० जणांत प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आली. पण ज्यांच्यात ती ठळक होती अशा ६० जणांच्या रक्तात एकही परजीवी सापडला नाही. म्हणजे परजीवीशी संपर्क येणे आणि रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भीतीचे कारण नाही, दुर्लक्षाचेही नाही.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गुरांसोबत राबणाऱ्या माणसाचा ताप ‘साधा ताप’ म्हणून किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून सोडून दिला जातो. येथे मात्र एका शेतकऱ्याच्या रक्ताचा थेंब काळजीपूर्वक पाहिला गेला, म्हणून त्याचे प्राण वाचले आणि जगाच्या वैद्यकज्ञानात भर पडली.

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अनेक घरी आजही गुरे आहेत. जनावर खंगू लागले तर पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे. प्रसूतीच्या वेळी किंवा जखम धुताना हातमोजे वापरावेत. बोटाला चीर असेल तर विशेषतः. गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा. ताप लांबला, हिवतापाची तपासणी नकारात्मक आली, तर डॉक्टरांना ‘आमच्याकडे गुरे आहेत’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.