‘मिसफायर’ नव्हे, हातून सुटलेली गोळी

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतील आपल्या घरून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत असताना ते हातातून निसटून खाली पडले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली, अशी माहिती त्या वेळी देण्यात आली. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली व ते बरे झाले. त्या घटनेच्या बहुतेक बातम्यांत एक शब्द हमखास होता, तो म्हणजे ‘मिसफायर’.

हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. चाप ओढला, घोडा आपटला आणि तरीही बार उडाला नाही, तर ते मिसफायर. नको असताना गोळी सुटणे ही निराळीच गोष्ट, आणि तिला यंत्राचा दोष सुचवणारे नाव दिले की हाताचा दोष आपोआप झाकला जातो.

खऱ्या मिसफायरमध्येही धोका असतोच. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेली काडतुसे बिघडतात. कोकण-गोव्याच्या पावसाळ्याची सवय असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. असे काडतूस कधी अजिबात उडत नाही, तर कधी काही क्षण थांबून उडते. बार झाला नाही म्हणून लगेच बंदूक उघडून नळीत डोकावणाऱ्याच्या तोंडावरच तो उशिरा होऊ शकतो. म्हणून नळी मोकळ्या, निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. ठासणीच्या बंदुकीत त्याहून अधिक काळ थांबणे शहाणपणाचे.

आता नको असताना सुटणाऱ्या गोळीकडे वळू. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असतो. शस्त्र घोड्यावर पडले, तर तोच धक्का काडतुसाला बसतो. अमेरिकेत १८७३ पासून प्रसिद्ध असलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे असूनही जाणकार पाचच गोळ्या भरत व घोड्याखालचे घर रिकामे ठेवत, ते याच कारणाने. पुढे घोडा व पिन यांच्यामध्ये चाप ओढल्यावरच वर सरकणारी पट्टी बसवण्याची रचना रुळली. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती आणली. चांगल्या स्थितीतील आधुनिक शस्त्र नुसते पडून सहसा उडत नाही. पण आपल्याकडे घराघरांत असलेली परवान्याची शस्त्रे बहुधा वडील किंवा आजोबांच्या काळातली असतात, हे विसरून चालत नाही.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्याचे मॅगझीन काढले की ते रिकामे झाले, असा समज फार जणांचा असतो. मॅगझीन काढले तरी नळीच्या मागच्या टोकाशी, म्हणजे चेंबरमध्ये, एक गोळी राहिलेली असू शकते. क्रम चुकवणारेही असतात. आधी वरचा खटका मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर काढतात आणि मग मॅगझीन काढतात. दरम्यान खटका पुढे गेलेला असतो व जाताना त्याने मॅगझीनमधली नवी गोळी आत ढकललेली असते. मग ‘रिकाम्या’ पिस्तुलाचा चाप साफसफाईसाठी ओढला जातो. आधी मॅगझीन, मग चेंबर, शेवटी डोळ्यांनी व बोटाने चाचपून खात्री, हा क्रम कंटाळवाणा वाटतो खरा.

राहिले बोट. माणूस दचकला, त्याचा तोल गेला किंवा दुसऱ्या हाताने त्याने काही घट्ट आवळले, तर पहिल्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. रॉजर एनोका या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पोलिसांच्या हातून अनवधानाने सुटणाऱ्या गोळ्यांच्या संदर्भात ही तिन्ही कारणे मांडली आहेत. इथे इच्छाशक्ती उपयोगी पडत नाही. बोट चापावर नसेल तरच उपयोग.

आपल्या राज्यात या विषयाला शेताचा संदर्भ आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत काजू, नारळ व भातशेतीचे रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी परवान्याच्या बंदुका बाळगणारे शेतकरी आहेत. निवडणूक आली की त्या जमा करण्याचा प्रश्न दरवेळी चर्चेला येतो. त्या वापरायच्या कशा, हा मात्र क्वचितच. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळी बंदुकीत जनावराची चाहूल लागली म्हणून घोडा चढवला जातो, जनावर निघून जाते, आणि चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवावा लागतो. अंधार, दव, घामेजलेला अंगठा. तो घसरला की बार उडतो. काडतूस आधी काढून मग घोडा उतरवणे हाच त्यावर उपाय. ज्यांचे घोडे आत लपलेले असतात, त्या बंदुकीच्या ‘सेफ्टी’वरही फार विसंबू नये. बऱ्याच बंदुकांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. जोराचा दणका बसला तर घोडा सुटू शकतो.

माळ्यावर चढताना भरलेली बंदूक खांद्याला असणे, कुंपण ओलांडताना ती नळीकडून धरून ओढून घेणे, दुचाकीवर मागे बसलेल्याने ती मांडीवर आडवी धरणे, या सगळ्यांत एकच चूक आहे. चालायचे किंवा चढायचे असेल तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी हवी. पडल्यावर नळीत चिखल शिरला असेल, तर पुढचा बार नळी फाडतो, म्हणून तीही आरपार पाहून घ्यावी लागते.

चुकीच्या लक्ष्यावर सुटलेली गोळी तर याहून घातक. झुडूप हलले, आवाज आला, बॅटरीच्या उजेडात काहीतरी चमकले, एवढ्यावर चाप ओढला जातो आणि पलीकडे सोबतीच असतो. अशा घटना गोव्याच्या रानांत घडल्या आहेत. परवानगीविना शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्याने बरोबरचे घाबरतात, आणि ज्या वेळात जखमीला इस्पितळात पोचवायला हवे तो वेळ काय सांगायचे हे ठरवण्यात जाण्याचा धोका असतो. चुकीच्या गोळीइतकीच ही भीतीही जिवावर बेतू शकते.

अमेरिकी मरीन कोअरमधील माजी अधिकारी जेफ कूपर यांनी घालून दिलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी कधीही रोखू नये. नेम साधेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे, याची खात्री असावी. यांची गंमत अशी की एखादा नियम चुकला तरी बहुतेक वेळा दुसरा वाचवतो. गोळी सुटली, पण नळी जमिनीकडे होती, तर फरशी फुटते, माणूस नाही.

कायदाही ‘चुकून झाले’ एवढ्यावर थांबत नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणे, अथवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्राची सुरक्षित साठवण यांनाही स्थान आहे. तरीही बंदूक खुंटीला, काडतुसे त्याच खोलीतल्या डब्यात आणि डबा मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर, अशी घरे आढळतात. बंदूक एका कुलुपात, काडतुसे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकापाशी, एवढीच व्यवस्था तिथे लागते.