आमीकेयो : रचलेली भाषा तोंडात बसते तेव्हा

आखन हे जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाचं शहर. जर्मन माणूस त्याला आखन म्हणतो, सीमेपलीकडचा डच आकन म्हणतो आणि फ्रेंच बोलणारा एक्स-ला-शापेल. या शहराला आणखी एक नाव आहे : आखेनो. हे नाव एस्पेरान्तोतलं. बाकीच्या तिन्ही भाषा पिढ्यानपिढ्या बोलता बोलता घडत गेल्या. एस्पेरान्तो मात्र लुडविक झामेनहोफ नावाच्या नेत्रवैद्यानं एकट्यानं रचली आणि १८८७ साली वॉर्सात एका छोट्या पुस्तकातून लोकांपुढे ठेवली.

अशा भाषेबद्दल लोक आधी विचारतात ते तिच्या व्याकरणाबद्दल. मला मात्र तिच्या आवाजाचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. कागदावर जन्मलेली भाषा वेगवेगळ्या देशांतल्या तोंडांत गेली की कशी ऐकू येते? आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतं ते कशाच्या बळावर? हे समजून घ्यायला आखनचा परिसर उत्तम, कारण शहरापासून थोड्याच किलोमीटरवरच्या एका चिमुकल्या मुलखात ही भाषा राज्यभाषा करायची तयारी चालली होती.

खाणीचं गाव आणि नवं राज्य

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. केल्मिस या गावाजवळ जस्ताच्या खनिजाची मोठी खाण होती. ती प्रशियालाही हवी होती आणि नेदरलँड्सलाही. कोणीच माघार घेईना, तेव्हा २६ जून १८१६ रोजी आखनमध्ये झालेल्या करारानं खाणीभोवतीचा साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कोणाच्याच मालकीचा न ठेवता दोघांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आला. त्याचं नाव तटस्थ मोरेस्नेट. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर नेदरलँड्सची जागा बेल्जियमनं घेतली. जवळच्या वाल्सच्या टेकडीवर आज तीन देशांच्या सीमा मिळतात, तेव्हा तिथे चार मुलूख एकमेकांना भिडत.

१८८५ साली खाणीतलं खनिज संपलं आणि या तुकड्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. खाणीचे डॉक्टर विल्हेल्म मॉली खटपटी गृहस्थ होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गावाची स्वतःची टपालसेवा आणि तिकिटं काढून पाहिली, पण ती लगेच बंद पाडण्यात आली. १९०८ साली फ्रेंच प्राध्यापक गुस्ताव रॉय यांच्याबरोबर त्यांनी जगातलं पहिलं एस्पेरान्तो राज्य इथे उभारण्याची कल्पना मांडली. राज्याचं नाव ठरलं ‘आमीकेयो’, म्हणजे मैत्रीचं ठिकाण. १३ ऑगस्ट १९०८ रोजी केल्मिसमध्ये त्यासाठी सभा भरली. गावातल्या काही जणांनी भाषा शिकायला घेतली होती.

या लोकांच्या घरात ऱ्हाईनकाठच्या वळणाची बोली, शिक्षणात जर्मन आणि कानांवर सतत फ्रेंच. मॉली जर्मन, रॉय फ्रेंच. भाषा एकच, पण ती बोलणारी तोंडं निरनिराळ्या वळणांची.

नियम थोडे, मोकळीक भरपूर

१९०५ साली ‘फुंदामेन्तो’ नावाच्या पुस्तकात एस्पेरान्तोचे सोळा मूळ नियम कायमचे ठरवले गेले. त्यांपैकी दोन थेट आवाजाचे आहेत. पहिला : शब्द जसा लिहिला तसाच वाचायचा, एकही अक्षर मुकं नाही. दुसरा : बळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचं. बळ देणं म्हणजे तो स्वर थोडा लांबवून, किंचित जोरकस म्हणायचा.

स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. त्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. जर्मनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ आणि ओठ गोल करून काढायचे स्वर वेगवेगळे मोजले तर संख्या चौदा-पंधरावर जाते. फ्रेंचमध्ये त्यांत अनुनासिक स्वरांची भर. एखाद्या मोठ्या वाड्यात पाचच बिऱ्हाडं असली, तर कोणी आपलं सामान थोडं पुढे सरकवलं तरी ते शेजाऱ्याच्या दारात जात नाही. एस्पेरान्तोच्या स्वरांचं तसंच आहे. जर्मन माणसाचा ए जरा आखूड पडला किंवा फ्रेंच माणसाचा ओ जरा उघडा झाला, तरी तो दुसऱ्या स्वराच्या हद्दीत शिरत नाही. ऐकणाऱ्याला वळण परकं वाटतं, शब्द मात्र कळतो.

आता एक वाक्य जवळून पाहू : ‘ला बोना आमीको वेनास एल आखेनो.’ चांगला मित्र आखनहून येतो, एवढाच अर्थ. बळ बो, मी, वे आणि खे या अक्षरांवर. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त आणि वर्तमानकाळाचं क्रियापद ‘आस’नं संपणारं. मित्र अनेक असले तर वाक्य होतं : ‘ला बोनाय आमीकोय वेनास एल आखेनो.’ अनेकवचनाचा हा ‘य’ आपल्या ‘गाय’ आणि ‘सोय’ या शब्दांतल्यासारखा. तो आधीच्या स्वराला चिकटतो, वेगळं अक्षर होत नाही, म्हणून बळ ‘मी’वरच राहतं. पण ठिकाण दाखवणारा प्रत्यय लागून ‘आमीकेयो’ झालं की एक अक्षर वाढतं आणि बळ ‘के’वर सरकतं.

ऐकणाऱ्याच्या कानाला इथेच मोठा आधार मिळतो. दर शब्दात बळाचं अक्षर आलं की कळतं, आता एकच अक्षर उरलं. त्या अक्षरातच बहुधा नाम, विशेषण की क्रियापद याची खूण असते. अनोळखी वळणाचा माणूस भरभर बोलत असला तरी शब्द कुठे संपला ते कान हेरतो. प्रश्नासाठीही तशीच सोय आहे. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो, एस्पेरान्तोत वाक्याच्या आरंभी ‘चू’ येतो. सूर चढवायला विसरला तरी प्रश्न हा प्रश्नच राहतो.

या सगळ्याची पहिली मोठी परीक्षा १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन-स्यूर-मेर इथल्या पहिल्या जागतिक संमेलनात झाली. ६८८ जण जमले. त्यांतल्या बहुतेकांनी भाषा पुस्तकातून आणि पत्रव्यवहारातून उचललेली. समोरासमोर बोलताना एकमेकांचं कळेल की नाही, याची धास्ती होती. कळलं, आणि त्या दिवसांपासून एस्पेरान्तो कागदापुरती राहिली नाही.

प्रत्येक तोंडाची खोड

नियम एक असले तरी मातृभाषा आपली छाप पाडतेच. जर्मन माणूस प, त, क म्हणताना श्वासाचा झोत सोडतो, म्हणून ‘आमीको’तला ‘को’ आपल्या कानाला ‘खो’कडे झुकलेला वाटतो. स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाआधी तो घशात बारीकसा थांबतो. बळ नसलेल्या अक्षरातले ए आणि ओ त्याच्या बोलण्यात पुसट होतात. शब्दाच्या शेवटचा द त्याच्याकडून त होतो.

फ्रेंच माणसाची अडचण वेगळी. त्याची भाषा शब्दसमूहाच्या शेवटी बळ देते, त्यामुळे तो ‘आमीको’ म्हणताना शेवटच्या ‘को’वर रेटतो. ‘बोनान’सारख्या शब्दातला न त्याच्याकडून नाकातल्या स्वरात विरघळू पाहतो आणि ह गळतो. र दोघांचाही घशातला असतो, जिभेच्या टोकाचा नसतो.

यांतल्या काही खोडी निरुपद्रवी आहेत, काही नाहीत. र कुठूनही काढा, अर्थ बिघडत नाही. पण शेवटचा स्वर पुसट झाला की नाम आणि विशेषण यांतला फरकच मावळतो. न विरघळला तर क्रियेचं कर्म कोणतं, ते कळत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक र सुधारत बसत नाहीत, शेवटचं अक्षर स्पष्ट म्हणून घेतात.

केल्मिसच्या सभेच्याच महिन्यात ड्रेस्डेनला चौथं जागतिक संमेलन भरलं. तिथे गटेचं ‘इफिगेनी’ हे नाटक झामेनहोफनं केलेल्या अनुवादात रंगमंचावर आलं. रोजच्या बोलण्यापेक्षा ही परीक्षा अवघड होती. प्रत्येक शब्दात बळ शेवटून दुसऱ्या अक्षरावर म्हटल्यावर कवितेची ओळ सारखी हलक्या अक्षरावरच संपणार. त्यावर तोड सोळाव्या नियमात आहे : नामाच्या शेवटचा ओ गाळता येतो. ‘आमीको’चं ‘आमीक’ होतं, बळ ‘मी’वरच राहतं आणि ओळ ठसक्यात संपते. पद्यासाठी लागणारी लवचीकता अशी नियमांतच ठेवलेली होती.

मराठी तोंडाला किती सोपं?

मराठी माणसाला ही भाषा मोठ्यानं वाचायला बरीच सोपी जाते. एस्पेरान्तोत चचे दोन उच्चार आहेत आणि त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. आपण ‘चांगला’ आणि ‘चिमणी’ या शब्दांत तेच दोन उच्चार रोज करतो, फक्त लिहिताना अक्षर एकच वापरतो. जचंही तसंच : ‘जोर’मधला वेगळा, ‘जीव’मधला वेगळा. इंग्रजीवरून आलेल्यांना शब्दारंभीचा ‘चांगला’तला च घोटून घ्यावा लागतो, आपल्याला तो आयता मिळतो. त आणि द दंत्य म्हणावेत, इंग्रजी वाचायच्या सवयीनं ट-ड करू नयेत. र आपला आहे तसाच चालतो. आणि ‘मी’ला एस्पेरान्तोतही ‘मी’च म्हणतात.

चार ठिकाणी मात्र जपावं लागतं. एक, आखनमधला ख. तो ‘खडू’तला नाही, घसा खरवडत काढायचा, उर्दूतल्या ‘खबर’सारखा. दोन, फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘फळ’ म्हणतो तसा नाही. तीन, आपला एकच व तिथे दोन कामं वाटून घेतो : एक दात-ओठांचा, दुसरा स्वराच्या मागे येणारा, ‘औ’च्या शेवटी ऐकू येतो तसा. चार, फ्रेंच धाटणीचा एक घर्षणयुक्त झ. तो मराठीत नाहीच. श म्हणत राहून गळ्यातून आवाज सोडला की जमतो.

जोडाक्षरांत एक अवघड जागा आहे. विज्ञानाला ‘स्त्सिएन्त्सो’ म्हणतात. सुरुवातीचा स आणि ‘चांगला’तला च एका दमात काढायचे. आधी नुसतं ‘स्त्सी’ म्हणून पाहावं, मग पुढचं जोडावं. अशा जागांमुळेच एस्पेरान्तो ऐकताना दोन छटा जाणवतात. मोकळे स्वर आणि शेवटून दुसरं बळ यांमुळे ती इटालियनसारखी वाटते, तर च, श, झ यांच्या गर्दीमुळे झामेनहोफच्या बालपणीच्या पोलिश-रशियन शेजाराची आठवण देते.

विनोबा भावे एस्पेरान्तो शिकले होते. युगोस्लाव्हियातले प्रवासी लेखक तिबोर सेकेली यांनी त्यांना ती शिकवली. सर्व भारतीय भाषांसाठी नागरीचाही वापर व्हावा, असं सांगणाऱ्या विनोबांना प्रत्येक ध्वनीला एक खूण देणाऱ्या या भाषेची ओढ वाटली असेल तर नवल नाही.

मुद्दाम परकी केलेली भाषा

रचलेली प्रत्येक भाषा अशी पाहुण्याला सांभाळून घेणारी नसते. एस्पेरान्तोच्या आधी योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूनं केलेल्या वोलाप्यूकमध्ये ओठ गोल करून काढायचे स्वर होते आणि बळ शेवटच्या अक्षरावर. हे स्वर ज्याच्या घरात नाहीत त्याला ती जड जाई.

चित्रपटांसाठी केलेल्या भाषांचा हेतूच वेगळा. ‘स्टार ट्रेक’साठी मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन रचली ती परग्रहावरची वाटावी म्हणून. तिच्यात जीभ मागे वळवून काढायचा ड आहे, पण त्याच्या जोडीचा ट नाही, त्याऐवजी पुढच्या जागेवरचा इंग्रजी धाटणीचा ट आहे. मानवी भाषांत असे ध्वनी सहसा जोडीनं येतात. ती जोडी मोडली की ऐकणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं खरं. ‘बाहुबली’तली किलिकी तमिळ गीतकार मदन कार्की यांनी केली. तिच्यातले कठोर व्यंजनांचे आघात शत्रूची दहशत बसावी म्हणून आहेत. अशी भाषा नटाच्या तोंडून एकदा परिणामकारक ऐकू आली की पुरतं. उलट, १९६६ सालचा ‘इन्क्युबस’ हा चित्रपट एस्पेरान्तोत होता आणि नटांचे उच्चार ऐकून ती भाषा बोलणारे नाराज झाले, कारण त्यांच्यासाठी ती रोजच्या व्यवहाराची भाषा होती आणि चुकीचा उच्चार त्यांना चुकीचा म्हणूनच ऐकू येत होता.

आमीकेयोचं राज्य झालं नाही. १९१४ साली जर्मन सैन्य आलं आणि महायुद्धानंतर हा तुकडा बेल्जियमला मिळाला. पण केल्मिसमध्ये जे करून पाहायचं होतं ते पुढे संमेलनांतून होत राहिलं : निरनिराळ्या वळणांची तोंडं, एक भाषा आणि कोणालाही घरच्या भाषेचा फायदा नाही. एस्पेरान्तो बोलणाऱ्यांत उत्तम उच्चाराची कसोटी अशी मानतात, की बोलणारा कोणत्या देशाचा ते ओळखू येऊ नये. ही कसोटी मला फार न्याय्य वाटते. तिच्यात कोणत्याही एका देशाचा उच्चार प्रमाण ठरत नाही. जर्मनानं श्वासाचा झोत आवरायचा, फ्रेंचानं शेवटचा रेटा सोडायचा आणि मराठी माणसानं आपला फ आणि व नीट वेगळे काढायचे. प्रत्येकानं आपली थोडी सवय बाजूला ठेवली की ऐकणाऱ्याचं काम हलकं होतं. रचलेली भाषा चांगली ऐकू येते ती तिच्या रचनाकारामुळे जेवढी, तेवढीच बोलणाऱ्यांनी घेतलेल्या या काळजीमुळे.