गाडीचे मागचे पाय दुखू लागले तर...

दोस्तांनो, एसटीच्या अगदी शेवटच्या बाकावर बसून तुम्ही कधी हिंगोलीहून औंढा नागनाथला गेला आहात का? खड्डा आला की ड्रायव्हरकाका नुसते डुलतात, पण शेवटच्या बाकावरची मंडळी मात्र थेट टपाला भेटून येतात! असं का होतं? कारण शेवटचं बाक मागच्या चाकांच्याही मागे असतं. सी-सॉच्या टोकाला बसलेला मुलगा जसा सगळ्यात उंच जातो, तसंच हे.

घरच्या मोटारीतही मागची जागा मुलांचीच. पुढे आई-बाबा, मागे आपण! आणि गंमत अशी, की गाडी जुनी झाली की सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते मागच्या चाकांकडेच. इंजिन कुरकुरलं तर लगेच ऐकू येतं. पुढचे ब्रेक वाजले की बाबा गॅरेज गाठतात. पण मागचा शॉकअप हळूहळू म्हातारा होत जातो आणि आपल्याला त्याची सवय होऊन जाते. म्हणून आज या मागच्या पायांची गोष्ट.

हॉट हॅच म्हणजे काय हो?

हॅचबॅक म्हणजे मागे डिकीचा वेगळा डबा नसलेली छोटी गाडी. मागचं दार वर उघडतं आणि पिशव्या आत जातात. अशा छोट्या गाडीत कुणी दांडगं इंजिन बसवलं तर? तीच ‘हॉट हॅच’! फोक्सवॅगन कंपनीने १९७६ साली गोल्फ जीटीआय विकायला आणली आणि ही कल्पना जगभर गाजली.

आपल्याकडे अशी गाडी आली २००१ साली. फियाट पालिओ! ती तयार व्हायची मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. तिच्या १.६ लीटरच्या जीटीएक्स मॉडेलची ताकद होती सुमारे १०० अश्वशक्ती. सुरुवातीच्या मारुती ८०० ची ताकद चाळिशीच्या आत होती, यावरून अंदाज करा. पालिओची जाहिरात करायचा आपला सचिन तेंडुलकर. त्याच्या नावाने ‘एस टेन’ नावाची खास पालिओही निघाली होती.

त्या काळी घेतलेली पालिओ आज वीस वर्षांहून मोठी झाली. फियाटच्या नव्या गाड्या आता आपल्याकडे मिळत नाहीत. पण अशा जुन्या गाड्या अजून कुणाच्या तरी अंगणात जिवापाड जपलेल्या असतात. आणि त्यांचे मागचे पाय दुखायला लागतात.

स्प्रिंग उडवते, शॉकअप आवरतो

चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते. धक्क्याची ऊर्जा ती साठवून ठेवते आणि लगेच परत देते. नुसती स्प्रिंगच असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ बेडकासारखी उड्या मारत राहिली असती.

इथे शॉकअपचं काम येतं. पुस्तकातलं नाव शॉक ॲब्सॉर्बर, पण गॅरेजात सगळे शॉकअपच म्हणतात. ही तेलाने भरलेली एक नळी असते. आत दट्ट्या असतो आणि त्याला बारीक छिद्रं. चाक वर-खाली झालं की तेलाला त्या छिद्रांतून जोराने जावं लागतं. त्यात धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच.

शॉकअप थकला की नुसते हादरे बसतात असं नाही बरं का! चाक रस्त्यावरून क्षणभर उचललं जातं. आणि हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक कितीही करकचून दाबला, तरी त्याने गाडी कशी थांबणार? म्हणजे शॉकअप खराब तर ब्रेकही अर्धवट!

आपल्या जिल्ह्यात या शॉकअपला काम जरा जास्तच. कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ताही मग लाटांसारखा वर-खाली होतो. शिवाय शेतातून परतताना गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याला गंज चढतो. वसमतकडे हळदीची पोती मागे टाकून गाडी नेली असेल, तर मग विचारायलाच नको!

ब्रेक की चहाची शेगडी?

धावत्या गाडीची ऊर्जा ब्रेक मारल्यावर कुठे जाते? तीही उष्णता होते. हिशोब करून पाहू. गाडी १००० किलोची, वेग ताशी ६० किलोमीटर. ती थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात साधारण साडेचारशे मिलिलीटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे चार छोटे कप चहा! वेग दुप्पट केला तर चहाही दुप्पट, असं वाटतं ना? नाही! तो चौपट होतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. वेगात गाडी थांबवणं इतकं अवघड का, ते कळलं ना?

ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. गाडीचंही तसंच होतं. तिचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून पुढे डिस्क ब्रेक, तर मागे बहुतेक छोट्या गाड्यांत ड्रम ब्रेक असतात. पालिओचेही मागचे ब्रेक ड्रमचेच. लोखंडी डब्यासारखा ड्रम चाकाबरोबर फिरतो. आत चंद्रकोरीसारखे दोन ‘शू’ असतात आणि त्यांच्यावर लायनर असतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडरमधले छोटे दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमला आतून घट्ट घासतात. पास्कलचा नियम शाळेत शिकला असाल, तोच इथे कामाला येतो.

मागचे ब्रेक काम कमी करतात, मग बिघडले तर काय झालं? पुष्कळ काही होतं! ओल्या रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर गाडीची शेपटी सरकते आणि गाडी गर्रकन फिरते. एका बाजूचा ब्रेक धरला आणि दुसऱ्या बाजूचा धरलाच नाही, तर गाडी एकीकडे ओढली जाते. आणि हँडब्रेक ओढल्यावर बहुतेक गाड्यांची मागचीच चाकं धरली जातात. उतारावर उभी केलेली गाडी त्यांच्याच भरवशावर असते!

चला, गॅरेजात डोकावू

कल्पना करा, आपण एका गॅरेजात उभे आहोत. (लांबूनच बघायचं हं! जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलांनी कधीही जायचं नाही.) समोर जुनी पालिओ आहे. चांगला मिस्त्री काय काय करतो?

आधी तो गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडतो. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. मग तो टायरवरून हात फिरवतो. टायर जागोजागी खोलगट झिजलं असेल, तर ते चाक रस्त्यावर उड्या मारत होतं असं समजायचं. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर विचारायलाच नको.

मग गाडी उचलायची. पुढच्या चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही! खाली भक्कम स्टँड हवेतच.

ड्रम काढला की आत काळी धूळ दिसते. ती तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. पूर्वी लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरत. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात गेले तर वर्षांनंतरही गंभीर आजार होतात. लायनर कोणत्या काळातले ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचं.

आता बघायचं, लायनर किती उरलं, व्हील सिलिंडर पाझरतोय का, ड्रमला आत कंगोरा पडलाय का. ड्रम किती व्यासापर्यंत झिजलेला चालेल, तो आकडा बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. त्याच्या पुढे गेला तर नवा ड्रम. आणि शू, स्प्रिंग, शॉकअप हे सगळं नेहमी जोडीने बदलायचं. एक पाय नवा आणि एक जुना असं केलं, तर गाडी लंगडणारच!

मग येतात बुश. लोखंडी नळीत बसवलेलं हे जाड रबर. बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी पोलादी तुळई असते. ती गाडीला या बुशांनी धरलेली असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धक्क्यांनी रबर कडक होऊन चिरतं. नवे बुश बसवताना एक बारकावा असतो. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यासारखी, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना! चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. घाईत काम करणारा माणूस नेमकं हेच विसरतो.

शेवटी ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषून घेतं. नवं ‘डॉट ४’ ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पण पुरेशी ओल शोषली, की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते. वाफ दबते, मग पेडल पायाखाली मऊ पडतं आणि ब्रेक लागतच नाही! म्हणून जुनं ऑइल काढून नवं भरायचं आणि नळ्यांतली सगळी हवा बाहेर काढायची. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळची छोटी चावी उघडायची, असं हे दोघांचं काम. हे ऑइल विषारी असतं आणि रंगावर सांडलं तर रंगही खातं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

खाजगी गाडीला १५ वर्षं झाली, की आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीच नव्हे, तर दर वर्षी पावसाळ्याआधी ड्रम उघडून बघायला सांगा. काढलेले जुने भाग परत मागा आणि मुलांनाही दाखवा. गाडी जुनी आहे म्हणून ती धोक्याची होत नाही, आणि लाडकी आहे म्हणून सुरक्षितही होत नाही. मात्र जिथे शॉकअप आणि तुळई बसतात तो पत्राच गंजून कुजला असेल, तर नवे भाग घालून उपयोग नाही. तेव्हा मन घट्ट करून गाडीला निरोप द्यावा. मागच्या सीटवर कोण बसतं, ते आठवावं.

शॉकअपचा बडा भाऊ औंढ्याला

आता एक नवल ऐका! आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः आणि २०२३ साली खर्चासह मंजुरी दिली. अंतराळात दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या पकडण्यासाठी इथे चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात असतील आणि त्यांच्या टोकांना आरसे.

अमेरिकेतल्या लायगोने अशी लहर पहिल्यांदा पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. तेव्हा आरसे हलले ते प्रोटॉनच्या व्यासाच्याही छोट्याशा अंशाने! मग शेजारून ट्रॅक्टर गेला तर? म्हणून तिथला ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांनी टांगलेला असतो. जमीन हलली तरी आरसा हलायला नको! पालिओचा मिस्त्री आणि लायगोचा शास्त्रज्ञ, दोघांचा प्रश्न एकच: खालचा हादरा वर कसा पोचू द्यायचा नाही?

करून पाहा

चार-पाच रबरबँड एकमेकांत गुंफून साखळी करा आणि तिला एक कुलूप बांधा. साखळीचं वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली करा. कुलूपही तसंच हलेल. आता हात खूप भरभर हलवा. कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहील! या दोन्हींच्या मधला एक वेग असा सापडेल, की कुलूप वेड्यासारखं उसळू लागेल.

आता कुलूप बादलीतल्या पाण्यात बुडवा, खाली ओढून सोडा, आणि किती हेलकाव्यांत थांबतं ते मोजा. मग पाण्याबाहेर तसंच करून मोजा. कुठे लवकर थांबलं? रबरबँड म्हणजे स्प्रिंग, पाणी म्हणजे शॉकअप!