पाईप कापण्याआधी कर्ण काढा

समजा तुम्ही मुरबाडहून कल्याणला गेलात आणि साडेआठ फुटांचा लोखंडी पाईप घेतलात. परतीला बंद हौद्याचा टेम्पो मिळाला. हौदा आतून ७ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच. पाईप तळावर तिरपा टाकला, तरी दार लागेना. टेम्पोवाला म्हणतो, "दार उघडं ठेवू, नाहीतर कापून टाका." थांबा! बाहेर आलेला पाईप मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतेल आणि कापलेला पाईप पुन्हा वाढत नाही. आधी हिशेब करा.

समोरासमोरचे कोपरे जोडणारी तिरकी रेषा म्हणजे कर्ण. काटकोनाच्या दोन बाजूंचे वर्ग मिळवले की कर्णाचा वर्ग येतो. शाळेत मुले हाच नियम पायथागोरसच्या नावाने शिकतात. आपल्या भास्कराचार्यांनीही इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त तो दिला आहे.

प्रथम तळ घ्या. सात साते ४९, चार चोक १६, बेरीज ६५. तिचे वर्गमूळ ८ फूट पाऊण इंच. म्हणून पाईप तळावर मावला नाही. आता उंची धरा. ६५ मध्ये आणखी १६ मिळवा, झाले ८१. वर्गमूळ ९ फूट! पाईपचे एक टोक तळाच्या कोपऱ्यात आणि दुसरे समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे ठेवा. पाईपच्या जाडीमुळे थोडी जागा जाते, पण अर्धा फूट हाताशी आहे. पाईप घट्ट बांधा आणि दार लावा.

खात्री हवी? पावसाळा सरला की ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्या लागतात. तिथल्या ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद, ३ इंच जाड अशा तीन सारख्या विटा घ्या. दोन विटा लांबीने एकापुढे एक ठेवा, तिसरी पहिलीवर रचा. दुसरीच्या वर एका विटेची जागा मोकळी राहील. वरच्या विटेचा मोकळ्या बाजूचा, वरचा, मागचा कोपरा धरा. तिथून दुसऱ्या विटेच्या पलीकडच्या टोकाच्या वरच्या, पुढच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणा. साडेदहा इंच भरतील. हिशेबही तेच सांगतो: ८१, सव्वावीस आणि ९ मिळून सव्वाएकशे दहा, त्याचे वर्गमूळ साडेदहा.

मुलांना अंगणात बोलवा आणि टेप त्यांच्याच हाती द्या.